एका युद्धनौकेचे छायाचित्र वाचताना

ब्रिटनच्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेची १९०६ नंतरची छायाचित्रे अनेक पुस्तकांत आढळतात. पहिल्या महायुद्धाच्या पाठात असे चित्र बहुधा शोभेपुरतेच असते. आपण ते पुरावा म्हणून वाचून पाहू.

प्रथम तोफा पाहू. लहान तोफा सोडल्या तर बाकी सर्व एकाच मापाच्या आहेत : पाच बुरुजांत मिळून १२ इंची १० तोफा. आधीच्या नौकांवर अशा बहुधा चारच असत. जोडीला मध्यम मापाच्या तोफा असत. दूरवरचा नेम सुधारायचा, तर गोळा पडून उडालेला पाण्याचा फवारा पाहावा लागे. तोफा निरनिराळ्या मापांच्या असल्या की कोणता फवारा कोणत्या तोफेचा, हे ओळखणे कठीण जाई.

फवारे पाहायला उंच जागा हवी. उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ३.६ ने गुणले की क्षितिजाचे अंतर साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळते. २५ मीटर उंचीवरून ते १८ किलोमीटर येते. म्हणूनच ही तीन पायांची डोलकाठी. पण ती उभी कुठे आहे? पुढच्या धुराड्याच्या मागे! जहाज वेगाने निघाले की धूर आणि तप्त वायू थेट निरीक्षकांच्या अंगावर येत. होड्या उचलण्याच्या यारीला आधार देण्याची सोय साधली, पण मुख्य काम अडले. विशेष म्हणजे पुढे ‘ओरायन’ वर्गाच्या नौकांतही हीच रचना पुन्हा आली.

छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे पार्सन्सची वाफेची टर्बाइन. तिच्यामुळे सुमारे १८,००० टनांची ही नौका ताशी २१ सागरी मैल धावे. आपल्या औष्णिक वीजकेंद्रांतही वाफेची टर्बाइनच फिरते.

आणखी एक गोष्ट चित्रात नाही. या नौकेने ब्रिटनच्याच जुन्या युद्धनौका एका दिवसात कालबाह्य ठरवल्या. मोठी आघाडी पुसली गेल्याने जर्मनीलाही नव्याने शर्यतीत उतरता आले. १९०७ मध्ये तिने ‘नासाउ’ बांधायला घेतली. मोठ्या नौकांसाठी कील कालवाही रुंद केला. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये चार नौका की सहा, असा वाद झाला आणि अखेर आठ मंजूर झाल्या. खुद्द ड्रेडनॉट १९१६ च्या जटलंडच्या लढाईत नव्हती. १९२१ मध्ये ती भंगारात विकली गेली.

वर्गात हे चित्र दाखवाल, तेव्हा नाव आधी सांगू नका. ‘डोलकाठी कुठे आहे?’ एवढेच विचारा. विज्ञान आणि इतिहास दोन्ही तिथूनच सुरू होतील.