तुळजापूरची वाट आणि देहाची काटकसर

सोलापूर सोडून तुळजापूरकडे निघालेला रस्ता हिप्परग्याच्या तळ्याच्या कडेने पुढे सरकतो आणि बालाघाटाचा चढ लागण्यापूर्वी ज्या उघड्या, कोरडवाहू रानातून जातो, त्याच रानात तामलवाडी हे गाव आहे. इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख यांची सीमा याच टापूतून जात असे. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर तालुका हैदराबाद संस्थानात. मध्यंतरी १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली झाला, मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहिला, आणि १८६० साली तो पुन्हा निजामाच्या अमलाखाली गेला, तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. अंमल बदलत गेले, जमाबंदीचे कायदे बदलत गेले. परंतु पर्जन्याची अनिश्चितता आणि तिच्यामागून येणारी उपासमार यांनी ही सरहद्द कधी मानली नाही.

या वाटेला दुसरी एक ओळख आहे, ती भवानीच्या भक्तांची. नवरात्राचे उपवास आटोपून आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून सहस्रावधी स्त्रीपुरुष, पुष्कळसे अनवाणी, तामलवाडीवरून तुळजापूरला पायी जातात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ही यात्रा देह झिजविण्यासाठी कोणी करीत नाही, श्रद्धेने करतात, आणि तिचे मोल काट्यावर मोजणे हा तिचा अपमान होईल. तथापि अलीकडे उपवास आणि पदभ्रमण ही दोन्ही साधने वजन उतरविण्यासाठीही घराघरांत वापरली जाऊ लागली आहेत, आणि पहिल्या काही आठवड्यांत उतरलेले वजन पुढे नियम काटेकोर पाळूनही एका आकड्यावर अडून बसते, ही तक्रार वारंवार कानी येते. अशा माणसास आप्तेष्ट सहज म्हणून जातात की तू चोरून खात असशील. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो, आणि तो अन्याय का, हे समजण्यास या प्रदेशाच्या दुष्काळांचा इतिहास जितका उपयोगी पडतो तितके दुसरे काही पडत नाही.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला तेव्हा सोलापूर जिल्हा त्याच्या अगदी तोंडी सापडला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची व तलावांची कामे काढली. परंतु खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल याने १८७७ च्या आरंभी मजुरी घटवून ती एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा इतकी ठरविली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या दरावर काम करण्याचे नाकारले, ठिकठिकाणची कामे ओस पडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. मद्रासचा आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश याने तर स्पष्टच बजाविले की एवढ्या अन्नावर श्रमाचे काम करणाऱ्याचे शरीर टिकणार नाही. आजच्या मोजमापाने एक पौंड धान्य म्हणजे सोळाशेच्या आसपास कॅलरी होतात. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडणारा देह जगला, तो कसा जगला, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या दप्तरात नोंदला गेला नाही.

त्याचे उत्तर सुमारे सत्तर वर्षांनी अमेरिकेत मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. आहार दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचा, आणि आठवड्यास २२ मैल चालणे सक्तीचे. टेंपलच्या मजुरीशी हा आकडा किती जवळ आहे, हे पाहिले की मन विषण्ण होते. त्या तरुणांचे वजन आरंभी झपाट्याने, मग हळूहळू उतरले आणि शेवटी जवळजवळ उतरेनासेच झाले; कारण विश्रांतीच्या स्थितीतील त्यांच्या देहाचा दैनंदिन खर्च सुमारे दोन-पंचमांशाने आटला होता. नाडी मंद झाली, हातपाय गार पडू लागले, जिना चढणेही नकोसे झाले. जमेची बाजू घटताच जाणता कारभारी कोणाला न विचारता खर्चाच्या बाबी छाटू लागतो, तसे देहाने केले. दुष्काळी कामावर जो गुण मनुष्यास जिवंत ठेवतो, तोच गुण सुस्थितीत स्वेच्छेने आहार कमी करणाऱ्याच्या आड येतो. प्रमाण अर्थात सौम्य असते, पण रीत तीच.

या रीतीचे अंतरंग पुढे उलगडत गेले. मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध १९९४ साली लागला. मेद घटताच ते रक्तात कमी होते, मेंदूस टंचाईची वर्दी पोहोचते, भूक वाढते आणि थायरॉइडच्या क्रियाशील संप्रेरकाची पातळी खाली येते. मेदाबरोबर स्नायूही झिजले तर खर्च आणखी घटतो. शिवाय सकाळी तासभर चाललेला मनुष्य उरलेला दिवस पुष्कळदा नकळत अधिक बसून काढतो. आणि चालण्याचा हिशेब तरी किती तोकडा! साठ किलो वजनाच्या माणसास सोलापूर ते तुळजापूर चालण्यास दोन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात, तर एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. म्हणजे ती सारी वाट चालून पाव किलोच्या आसपास मेद जळतो. पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरते त्यातील मोठा भाग तर पाण्याचा असतो.

देहाची ही रीत तशीच राहिली; या भागात बदल झाला तो ताटात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने पुन्हा खडी फोडली, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. त्या अनुभवातूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली व १९७७ साली तिचा कायदा झाला. तोवर या भागाचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ आणि रानभाजी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजूनही येथील रब्बीचा मान आहे. पुढे रेशनचा गहू-तांदूळ आला, साखर स्वस्त झाली, तेलाचा हात सैल झाला, आणि शेतातील श्रम यंत्राने उचलले. उपवासाचेही तसेच. आज नवरात्रात जे पदार्थ आपण परंपरेचे मानतो त्यांपैकी साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतील. साबुदाण्याचे कारखाने तर सेलमच्या बाजूस गेल्या महायुद्धाच्या काळात निघाले. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिने जवळजवळ शून्य. तेवढ्याच शेंगदाण्यात साडेपाचशेंहून अधिक. दाण्याचे कूट आणि तूप घातलेली खिचडी खाऊन केलेला उपवास पुण्यप्रद असेल, लंघन मात्र नव्हे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने आणखी एक पदर उघड केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे साडेतीनच्या आसपास. परंतु आपली बालके स्नायूंनी जितकी हलकी भरली तितकी मेदाने भरली नाहीत. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३, पण देहातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के तर युडकिन यांचा ९.१ टक्के, हे त्यांनी २००४ साली छायाचित्रासह प्रसिद्ध केले. अर्धपोटी मातांच्या उदरात वाढलेल्या पिढ्यांचा हा वारसा आहे, असे याज्ञिकांचे प्रतिपादन आहे, आणि मला ते या प्रदेशाच्या इतिहासाशी सुसंगत वाटते. काटा स्थिर असूनही कंबर घटत असेल तर मेद उतरत आहे, हे म्हणूनच ध्यानी ठेवावे.

ज्यांचे वजन दोन-तीन महिने जागचे हलले नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ताटातील भाकरी आणखी अर्धी करण्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. चालू असलेल्या औषधांविषयी, विशेषतः स्टेरॉइडविषयी, आणि स्त्रियांनी मासिक पाळीच्या अनियमिततेविषयी डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. झोप पुरी घ्यावी, डाळ-उसळ वाढवावी, चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम करावा. आणि घरातील इतरांनी त्या माणसावर चोरून खाण्याचा आळ घेऊ नये.