पेटीच्या आधी शिकवण : मधमाशापालनाची विद्या आपल्याकडे कशी आली



पाऊस ओसरायला लागला की पुष्कळांच्या मनात मधपेटी घ्यायचा विचार येतो. कुणी पाहुण्याच्या गावी पेट्या पाहिलेल्या असतात, कुणाला सूर्यफुलात दाणा नीट भरत नाही म्हणून माशा हव्या असतात. पैशाची जुळवाजुळव होते, पेटी येते, आणि पुढच्या आषाढात तीच पेटी पडवीत कोंबडी बसवायच्या कामी येते. माशा कधीच उडून गेलेल्या असतात. पेटी आली, पण शिकवण आली नाही, म्हणून असं होतं. ही शिकवण आपल्या मुलखात कशी आली ती हकीकत ध्यानात घेतली, तर या हंगामाआधी काय करायचं तेही उमजेल.

आपल्या आजा-पणजाला मध काढता येत नव्हता, असं मुळीच नाही. कोणत्या कड्याला आग्या बसतो, कोणत्या ढोलीत सातेरी आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण रीत अशी, की पलिता लावायचा, माशा जाळायच्या-पळवायच्या आणि पोळं अंड्या-पिल्लांसकट पिळायचं. मध गढूळ व्हायचा, लवकर आंबायचा, आणि मोहोळाचा वंश तिथंच संपायचा.

ही रीत मोडायची वाट एका अमेरिकन पाद्र्याला सापडली. लँगस्ट्रॉथ त्यांचं नाव. त्यांनी 1851 साली एक साधी गोष्ट हेरली. दोन पोळ्यांमध्ये, किंवा पोळं आणि भिंत यांच्यामध्ये, सुमारे 3/8 इंच जागा सोडली तर माशी ती येण्या-जाण्यासाठी मोकळी ठेवते. जागा कमी पडली तर तिकडची माशी ती डिंकानं बुजवते, जास्त झाली तर तिथं नवं पोळं बांधते. एवढ्याशा मापावर सुटणाऱ्या चौकटींची पेटी उभी राहिली. पुढं 1857 साली जर्मनीत मेणपत्रा निघाला आणि 1865 साली पोळं न मोडता मध फिरवून काढायचं यंत्र आलं. माशी न मारता मध मिळू लागला तो असा.

आपल्या देशात 1880 नंतर बंगाल आणि पंजाबात प्रयत्न झाले, पण ते मूळ धरू शकले नाहीत. खरं काम झालं ते दक्षिणेत. तिरुचिरापल्लीचे पाद्री न्यूटन यांनी 1910 च्या सुमारास आपल्या सातेरीचा अभ्यास केला. ही माशी विलायती माशीहून लहान, तिचं कुटुंबही लहान. तिला मोठी पेटी कशाला? चार माणसांच्या घराला वाडा दिला तर तो झाडून ठेवणार कोण? न्यूटन यांनी सात चौकटींची लहान पेटी बेतली आणि मुख्य म्हणजे 1911 ते 1917 या काळात खेड्यातल्या लोकांना ती वापरायला शिकवलं. नुसती पेटी वाटली असती तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

पुढं 1928 साली शेतीविषयक शाही आयोगानं मधमाशापालनाची जोडधंदा म्हणून शिफारस केली. गांधीजींच्या प्रेरणेनं 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या उद्योगांतही मधमाशी होती. आणि 1946 साली महाबळेश्वरला सरकारी आश्रयाखाली काम सुरू झालं. जांभूळ, हिरडा, गेळा आणि वर्षांनी एकदा फुलणारी कारवी असा फुलोरा तिथं आहे, म्हणून जागा हीच निवडली. जंगलातून मध आणणारी माणसंच तिथं मधपाळ झाली. ढोलीतली वसाहत पेटीत कशी घ्यायची, राणी कशी ओळखायची, हे त्यांनी हातानं करून शिकून घेतलं. 1962 साली पुण्याला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मधमाशी संशोधन संस्था निघाली. त्याच सुमारास पंजाबच्या कांगडा भागात, जो आता हिमाचलात आहे, विलायती मेलिफेरा माशी रुजवली गेली.

आता हंगामाचं बघा. सह्याद्रीच्या भागात मधाचा मुख्य ओघ माघ-फाल्गुनापासून पुढं. पण त्या वेळी मध आणणारी माशी आयत्या वेळी तयार होत नाही. राणीनं अंडं घातल्यापासून माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे, आणि घरातली कामं उरकून ती फुलावर जायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे फुलोऱ्याच्या दीड महिना आधी वसाहत वाढीला लागलेली हवी. पावसाळ्यात उपाशी राहिलेल्या वसाहतीला साखरेचा पाक कधी द्यायचा, कधी थांबवायचा, मेणकिडा लागला का हे कसं बघायचं, हे आधी शिकलेलं असलं तरच ती वेळ साधते. फुलं आल्यावर शिकायला गेलात तर वर्ष गेलं म्हणून समजा.

शिक्षणाची किंमत काय असते ते 1991-92 साली दक्षिणेत दिसलं. थायी सॅकब्रूड नावाचा विषाणूचा रोग आला. त्यात अळी कोष करण्याआधीच मरते आणि पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी दिसते. त्यावर औषध नाही. सातेरीच्या वसाहतींची तिकडं मोठी वाताहत झाली आणि अनेक घरांचा धंदा बसला. चौकट उचलून अळी बघायची सवय असलेल्यालाच अशी वसाहत वेळेत वेगळी करता येते. ज्याला पेटी उघडायचीच भीती वाटते, त्याला रोग कळतो तो माशा संपल्यावर.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं बाप पेटी उघडतो तेव्हा पोरगं शेजारी धुराडं धरून उभं असतं, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. आपल्या गावी ती सोय नाही, म्हणून वर्गाला जावं लागतं. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळाला 10 दिवसांचं आणि केंद्रचालकाला 20 दिवसांचं प्रशिक्षण ठेवलेलं आहे. साहित्याला निम्मं अनुदान असतं, निम्मे पैसे आपण घालायचे. मंडळाच्या जिल्हा कार्यालयात अटी नीट विचारून घ्या. जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातही वर्ग निघतात का ते बघा.

नाव घालताना एकच गोष्ट खोदून विचारा : चौकट आमच्या हातात देणार का? नुसती चित्रं दाखवणारा वर्ग असेल तर दुसरा शोधा. आणि शक्य असेल तर घरातल्या दोघांनी जावं, नवरा-बायकोनं किंवा बाप-लेकानं. पेटी उघडताना एकानं धूर धरावा लागतो. एक जण डंखाला घाबरून मागं सरला, तर दुसऱ्याला झाकण तरी लावता येतं.