नाक, मीठ आणि पाणी

नदीत डुबकी मारताना नाकात पाणी गेले की झणका थेट डोक्यापर्यंत जातो. उलट, डोळ्यांतले पाणी एका बारीक नलिकेतून सतत नाकात उतरत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मग फरक कशाचा? वर्गात हा प्रश्न विचारला तर ‘अश्रू खारट असतात’ असे कोणीतरी सांगतेच. उत्तर बरोबर आहे. पण नेमके किती खारट, हे कळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

नाक स्वच्छ करण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच. हठप्रदीपिकेतील नेती मात्र सुताची आहे. वीतभर गुळगुळीत सूत नाकातून घालायचे आणि तोंडातून काढायचे. घेरंडसंहितेत नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकण्याची क्रिया येते, ती कपालभातीच्या प्रकारांत. तोटीच्या भांड्याची आजची जलनेती या ग्रंथांत जशीच्या तशी आहे असे सर्रास सांगितले जाते. मूळ श्लोक पाहिले तर तसे दिसत नाही. मिठाचे मापही तेथे नाही.

जर्मनीत एर्न्स्ट हाइनरिख वेबर याला वासाचे कोडे सोडवायचे होते. १८४७ मध्ये त्याने डोके खाली लोंबते ठेवून पाणी मिसळलेले कोलोन स्वतःच्या नाकात भरले. नाक भरले, तरी वास येईना! वासाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट दिसली. मागचा मऊ टाळू वर उचलला जाऊन घशाची वाट बंद होते आणि एका नाकपुडीतले पाणी दुसरीतून बाहेर येते. पुढे मेंदूच्या रसायनशास्त्रासाठी गाजलेल्या थुडिकम याने लंडनमध्ये १८६४ साली याच तत्त्वावर नाक धुण्याचे साधन मांडले. उंचावर पाण्याचे भांडे, त्याला नळी. भांडे फार उंच टांगले तर दाब वाढतो आणि पाणी कानाकडे जाणाऱ्या नलिकेत शिरते. कानाच्या डॉक्टरांनी त्यावर बरीच टीका केली.

मिठाचे माप आले ते रक्ताच्या अभ्यासातून. १८८२-८३ च्या सुमारास हार्टोख हॅम्बर्गर हा डच शास्त्रज्ञ तांबड्या पेशी निरनिराळ्या मीठ-पाण्यात टाकून पाहत होता. मीठ कमी पडले की परासरणाने पाणी पेशीत शिरते, ती फुगते, फुटते आणि तिचा रंग बाहेर पसरतो. अशा प्रयोगांवरून माणसाच्या रक्ताशी जुळणारे प्रमाण त्याने सुमारे ०.९ टक्के मानले. नाकाच्या नाजूक अस्तरालाही हेच प्रमाण सोसते. लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. शाळेच्या तराजूवर एकदा मोजून आपल्या चमच्यावर खूण करून घ्यावी. एक किलो मिठात अशा चारशेहून अधिक मात्रा होतात, त्यामुळे तयार पुड्यांवाचून काही अडत नाही.

रोजची सवय म्हणून याचा उपयोग होतो का? अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायनसचा त्रास वारंवार होणाऱ्या ७६ जणांना सहा महिने पाहिले. रोज मीठ-पाण्याने नाक धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला, औषधेही कमी लागली. (तेथे द्रावण २ टक्क्यांचे होते, ०.९ हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे.) नाक धुतल्याने सर्दी कधी होतच नाही, असे मात्र यातून निघत नाही.

मीठ स्वस्त, भांडे स्वस्त. जपायचे ते पाण्याला. २०११ मध्ये लुइझियाना राज्यात दोन माणसे घरच्या नळाच्या पाण्याने नाक धुऊन दगावली. त्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा होता. तो पोटात गेला तर अपाय करत नाही. नाकात गेला तर वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदू गाठतो. असे रुग्ण फारच विरळ, पण रोग बहुधा प्राणघातक. मीठ घातले म्हणून पाणी निर्जंतुक होत नाही, आणि घरगुती गाळणीचा येथे भरवसा धरू नये. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे, मग मीठ घालावे. भांडे दर वेळी धुऊन कोरडे करावे आणि प्रत्येकाचे वेगळे असावे.