निलगिरीचा वास आणि आभाळातले धुके

बंगळुरूपासून सुमारे साठ किलोमीटरवरील नंदीदुर्गाच्या बागेत टिपू सुलतानाने १७९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टसची झाडे लावली, असे वनशास्त्राच्या इतिहासात नमूद आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर त्यांची मोठी लागवड केली आणि मराठीने पर्वताचे नाव झाडालाच दिले.

पान चुरगळताच येणारा तो उग्र वास हवेत विरून जातो, अशी समजूत होती. १९६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ‘नेचर’मध्ये वेगळा विचार मांडला: वनांवर दिसणारे निळसर धुके वनस्पतींनी सोडलेल्या टर्पीनांपासूनच बनते. ही संयुगे ओझोनशी संयोग पावतात, जड होतात आणि त्यांतून सूक्ष्म कण, म्हणजे एरोसोल, जन्मतात. ढगातील प्रत्येक थेंबाला असा एखादा कण आधार म्हणून लागतो.

या व्यवहारात तापमान दोन्ही बाजूंनी ओढते. ऊन वाढले की पाने अधिक वाफ सोडतात, रासायनिक क्रियाही वेग घेतात. परंतु उष्ण हवेत ही संयुगे वायुरूपच राहू पाहतात. थंडीत तूप थिजावे तशी ती कणांवर बसतात. जिनिव्हाजवळील सर्नच्या ‘क्लाउड’ प्रयोगाने २०१६ साली दाखवले की, गंधकाम्लाच्या मदतीवाचूनही झाडांच्या वाफेतून कण बनतात. २०२० साली उणे ५० ते अधिक २५ अंश सेल्सिअसपर्यंतची मोजणी प्रसिद्ध झाली. थंडीत ऑक्सिजनसमृद्ध रेणू कमी बनले, तरी कणांची निर्मिती वाढली.

म्हणजे कारखान्यांपूर्वीचे आभाळही कणविरहित नव्हते. मानवी धुराने पृथ्वीला किती थंडावा दिला आणि पुढे ती किती तापेल, हे हिशेब त्या जुन्या आभाळाशी तुलना करूनच मांडले जातात.

डिसेंबर २०२४मध्ये आणखी एक दुवा जुळला. अमेझॉनच्या वनांतील आयसोप्रीन रात्रीच्या वादळी ढगांबरोबर उंच चढते आणि तेथील कडाक्याच्या थंडीत, सूर्योदयानंतर, त्याचे कण बनतात. खाली उष्णतेने वाफ सुटते, वर थंडीने ती गोठते; दोन्ही टोके ढग जोडतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुलोचना गाडगीळ यांनी मोसमी पाऊस अभ्यासला, तर माधव गाडगीळ यांनी अरण्ये. पान आणि पाऊस यांच्यामधला हा सूक्ष्म कण दोन्ही विद्याशाखांचा आहे. एकीला वगळून दुसरीला त्याचे गणित सुटणार नाही.