देवराई आणि हिमा

मंडणगडहून बाणकोटकडे निघालं की डोंगरांची रांग सुरू होते. बरेच उतार बोडके झालेले. मध्येच एखाद्या देवळाभोवती गर्द राई दिसते: ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण आणि त्यांच्यावर चढलेली गारंबीची जाडजूड वेल. ही देवराई. कोकणचं जुनं जंगल कसं असेल, हे समजायला आता एवढीच खूण उरली आहे.

बाकीचं जंगल कुठे गेलं? त्यातलं काही समुद्रावर गेलं. या किनाऱ्यावर सत्ता टिकवायची तर आरमार हवं आणि आरमाराला साग हवा. सिद्दी असोत की आंग्रे, ही गरज सर्वांचीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड परवानगीनेच तोडावं आणि रयतेच्या आंबा-फणसाला जबरदस्तीने हात लावू नये, अशी ताकीद आहे. १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेलं आणि किल्ल्याचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. पुढे मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ मलबारच्या सागाची. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. साग संपत चालला तेव्हा सरकारला जाग आली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले.

देवराईला मात्र ना शिपाई लागला ना कायदा. देवाची जागा आहे, फांदीसुद्धा तोडायची नाही, एवढ्या श्रद्धेवर ती टिकली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या रायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं.

आपल्या मुलांना देवराई म्हणजे ‘त्यांची’ गोष्ट वाटते. त्यांना हिमाबद्दल सांगायला हवं. हिमा म्हणजे राखलेली जमीन. हजरत पैगंबरांनी (स.) मदिनेचा परिसर हरम ठरवला; तिथे झाड तोडायला आणि शिकारीला मनाई केली. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी फौजेला फळझाडं तोडू नका म्हणून बजावलं. श्रद्धा वेगळ्या, पण कुऱ्हाडीला दिलेला हुकूम एकच.

आज कोकणात खासगी जमिनीवरची झाडं ट्रकने बाहेर जातात. विकणाऱ्यांत सगळ्याच जमातींचे लोक आहेत, आपलेही. अशा वेळी कब्रस्तानातली, दर्ग्याजवळची जुनी झाडं तरी राखूया. ती आपली हिमा आहे.