पाचशे रत्तल गवत, अडीच रुपये

आजच्या गप्पांना कारण झालं ते आमच्याच बचत गटातलं भांडण.

गेल्या महिन्यात हप्ते गोळा व्हायच्या आधीच वाजलं. कांदा काढणीची मजुरी किती घ्यायची, यावरून. आमच्या गटात आम्ही अकराजणी. त्यातल्या सहाजणी दुसऱ्याच्या रानात कामाला जातात, तिघींच्या रानात बायका कामाला येतात, आणि उरलेल्या दोघी कधी इकडं, कधी तिकडं. सहाजणींनी एकच दर ठरवून आणला होता. त्याच्या खाली कुणी जायचं नाही म्हणाल्या. तेव्हा रानवाल्यांपैकी एकजण चिडून बोलली, "हे काय लाल बावट्यासारखं चालवलंय गं!" सगळ्या गप्प. आणि मागं बसलेल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "आत्या, लाल बावटा म्हणजे काय?"

कुणालाच नीट सांगता येईना. म्हणून आम्ही चौघींनी थोडं वाचलं, थोडं विचारून घेतलं, आणि आज तुमच्यापुढं बसलो आहोत.

ही हकीकत आहे ठाणे जिल्ह्यातली. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. डहाणू, आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका. 1960 साली दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगावचा काही भाग गुजरातेत गेला, काही तलासरी म्हणून आपल्याकडं राहिला. राहणारे बहुतेक वारली. वारली म्हटलं की आपल्याला भिंतीवरची पांढरी चित्रं आठवतात, साडीवरची नक्षी आठवते. पण ऐंशी वर्षांपूर्वी त्या माणसांचं जिणं कसं होतं, ते चित्रात नाही.

जमीन पूर्वी त्यांच्याच कसणुकीची. हळूहळू ती सावकार-जमीनदारांच्या नावावर गेली आणि वारली आपल्याच रानात कूळ झाले. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा, मग जमीनदाराकडून खावटी आणायची. म्हणजे भात उसनं घ्यायचं आणि पीक आलं की वाढवून परत करायचं. वर वेठ. जमीनदारानं बोलावलं की आपलं काम टाकून त्याच्या शेतावर जायचं, बिनपैशानं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी कुणी कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत त्यानं मालकाकडं राबायचं. ते काही फिटायचं नाही. लग्न करून आणलेली बायकोही त्याच्याबरोबर मालकाच्या दावणीला. मालकाच्या घरी राबणाऱ्या बाईची अब्रू कुणाच्या हातात असणार, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1930च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीचा अहवाल मुंबई सरकारला दिला. त्यात वेठीचं लिहिलं होतं, बायकांवरच्या जुलमाचंही लिहिलं होतं. सरकारी माणसानं सरकारला लिहून दिलेलं. तरी वेठ चालूच राहिली.

मग 1945 साल आलं. 7 जानेवारीला टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. किसान सभा म्हणजे शेतकऱ्यांची संघटना, तिच्यात पुढाकार कम्युनिस्टांचा. झेंडा लाल, म्हणून लोक म्हणायचे लाल बावटा. त्या परिषदेला माह्या धांगडा आणि आणखी काही वारली आले होते. शेतकऱ्यांच्या गर्दीत त्यांनी आपली गाऱ्हाणी सांगितली. तिथून गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव त्या रानात गेले.

गोदावरीबाईंबद्दल थोडं जास्त सांगू द्या. माहेरच्या गोखले, पुण्याच्या, जन्म 1907चा. वकिलीचं शिक्षण घेतलेलं, तेही ज्या काळात बाईनं कोर्टाची पायरी चढणं म्हणजे घराण्याला बट्टा समजत. मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना त्यांनी बांधली होती. आता ही शहरातली, शिकलेली, ब्राह्मणाघरची बाई वारल्यांच्या पाड्यावर गेली तर लोक विश्वास का ठेवतील? पांढरे कपडे घालून आलेला माणूस आजवर त्यांना लुबाडायलाच आलेला. त्या पायी फिरल्या, झोपडीत निजल्या, मिळेल ते खाल्लं. पुढं वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले. आमच्यातल्या एकीला हे नाव मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, राजाराणी मोडायला गेलेल्या बाईला राणीच का म्हणायचं? पण लोकांनी मायेनं ठेवलेलं नाव, ते खोडणाऱ्या आम्ही कोण.

23 मे 1945ला झरी गावात सभा झाली. पाचएक हजार वारली जमले. तिथं ठरलं ते अगदी सरळ होतं. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर काम करायचं तर दिवसाला बारा आणे रोख घ्यायचे. आजच्या पोरींना आणे माहीत नसतील. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. पाऊण रुपयासाठी पाच हजार माणसं जमली! सभा संपली आणि माणसं गावोगाव निघाली. जिथं लग्नगडी होता तिथं जाऊन सांगायचं, चल, तू सुटलास. काही आठवड्यांत ती पद्धत मोडली. कितीतरी पिढ्यांचं दास्य, आणि मोडायला लागले काही आठवडे. कायदा झाला नव्हता, कोर्टाचा हुकूम नव्हता. पाड्यावरचे सगळे एकदम "नाही" म्हणाले, एवढंच.

पाऊस संपला आणि गवताचा हंगाम आला. त्या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. तिथल्या म्हशी त्या गवतावर, आणि मुंबईचं दूध त्या म्हशींवर. गवत कापायचं वारल्यांनी, पैसा व्यापाऱ्यांचा आणि जमीनदारांचा. किसान सभेनं मागणी ठेवली की पाचशे रत्तल गवत कापायचे अडीच रुपये. पाचशे रत्तल म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. विळा धरलेल्या हातांना कळेल, सव्वादोनशे किलो गवत कापायला कमरेचं काय होतं ते. दर मिळेपर्यंत विळा हातात धरायचा नाही, असा संप झाला. गवत काही थांबत नाही. वेळेत कापलं नाही तर वाळून मातीमोल होतं. तिथंच मालकांची नाडी सापडली होती.

10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. किसान सभेचं म्हणणं असं की गोदावरीबाई सभेला येणार आहेत, अशी खोटी वार्ता मुद्दाम पसरवली गेली. लोक रात्रीतून चालत आले, आणि इकडं पोलिसांना सांगितलं गेलं की दंगल करायला जमाव आलाय. पाच वारली ठार झाले. त्यातला एक जेठ्या गांगड. माणसं लाल झेंड्याभोवती बसून राहिली होती. गोदावरीबाई तर तिथं नव्हत्याच. परुळेकरांवर जिल्ह्यात पाऊल ठेवायची बंदी आली. संप मात्र मोडला नाही, आणि अडीच रुपयांचा दर मिळाला.

यापुढचा भाग आम्हाला सांगायला जड जातो. 1946 साली इंग्रज अजून होते, पण मुंबई प्रांतात आपल्या लोकांचं, काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. वाटलं असेल की आता आपलं राज्य. पण जंगलातल्या लाकूडतोडीच्या मजुरीसाठी संप झाला तेव्हा पुन्हा हद्दपारी, पुन्हा पोलीस. गोळीबारही झाला. खुर्ची बदलली, तरी वारल्याला मजुरी मागताना पोलीसच दिसला. लाल बावटा म्हणजे दंगा, हे जे आपल्या घराघरांत बसलंय, ते कुठून आलं याचा थोडा पत्ता इथं लागतो. चळवळीतल्या लोकांचे हात अगदी दुधानं धुतलेले होते असं आम्ही म्हणत नाही. चिडलेल्या माणसांकडून चुका होतात. पण मागणी वाचून पाहा. बारा आणे रोज आणि गवताचा दर. त्यात बंडाचं काय होतं?

आता राजकारणाचं. आमच्यातल्या रानवाल्या बाईनं विचारलं, "एवढं करून सत्ता तर कधी आली नाही ना त्यांची?" खरं आहे. महाराष्ट्रात लाल बावट्याचं सरकार कधी आलं नाही. 1957ला शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. पुढं 1965 साली अटकेत असतानाच ते वारले. 1977ला डहाणूतून लहानू कोम लोकसभेत गेले. ज्या समाजाला वेठीला धरत, त्याच आदिवासी समाजातला माणूस दिल्लीत बसला. पण तेवढ्या मूठभर जागांनी सरकार बनत नाही.

आम्हाला वाटतं, मोजायचं ते दुसरीकडं. 1948 साली कूळ कायदा आला, आणि 1957च्या 1 एप्रिलला कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं गेलं. तो कायदा काँग्रेस सरकारनं केला. एकट्या वारल्यांमुळं झाला असं कुणी म्हटलं तर आम्ही मानणार नाही, देशभर कुळं उठली होती. पण न उठलेल्या कुळांसाठी कुणी कायदा केला असता, हेही आम्हाला पटत नाही. वनजमिनीचं तसंच. 2006चा वनहक्क कायदा वर्षानुवर्षांच्या मोर्च्यांनंतर आला. त्यात एक गोष्ट आहे, ती घरी जाऊन सगळ्यांना सांगा. माणूस लग्नाचा असेल तर वनजमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे लिहायचा, असं कायद्यातच आहे.

कागदावर आलं तरी हातात येत नाही, म्हणून 2018च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पुन्हा लाल टोप्यांचा मोर्चा निघाला. 6 तारखेला निघाले, 12ला मुंबईत. त्यातल्या बायकांचे फाटलेले तळपाय तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. शेवटच्या रात्री ते झोपले नाहीत, अंधारात चालत आझाद मैदान गाठलं. कारण सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता, आणि रस्ता अडला असता. सरकारनं मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं.

एक तक्रार मात्र आमची आहे. एवढं वाचलं, माह्या भेटला, जेठ्या भेटला, शामराव भेटले. गवत कापणाऱ्या बायकांची नावं हाताला लागली नाहीत. गोदावरीबाई स्वतः पुढं अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. "जेव्हा माणूस जागा होतो" हे त्यांचं पुस्तक 1970 साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या वाचनालयात असेल तर आणा आणि गटात मोठ्यानं वाचा. पण विळा खाली ठेवून, उपाशी पोरं घेऊन घरी बसलेल्या त्या वारलीणींनी संपाचे दिवस कसे काढले, चुलीवर काय शिजवलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं असतं तर! डहाणू-तलासरीकडच्या कुणी बहिणी हे ऐकत असतील आणि आजीकडून काही ऐकलं असेल, तर केंद्रावर कळवा.

आमच्या भांडणाचं म्हणाल तर ते मिटलेलं नाही. सहाजणी दरावर ठाम आहेत. रानवाल्या म्हणतात, कांद्याला भाव नाही, आम्ही कुठून देणार? तेही खोटं नाही. ज्या सुनेनं प्रश्न विचारला तिनं एवढंच सुचवलं की या वेळी दर बोलताना बाजारातली पट्टी समोर ठेवावी, सगळ्यांना दिसेल अशी. पुढच्या मंगळवारी बैठक आहे. पट्टी आणायची जबाबदारी रानवालीनं घेतली आहे.