आधी गोळा, मग गाडी

तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मनमाडहून मीटरगेजची गाडी आली ती 1900 च्या सुमारास, निजामाच्या राजवटीत. मार्ग एकेरी. अशा मार्गांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमधल्या टप्प्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच धातूचा गोळा निघायचा. तो चामडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला अडकवलेली. फलाटाच्या कडेला माणूस ते कडं उंच धरून उभा राहायचा आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात काढून ते झेलायचा. गोळा नाही तर गाडी नाही. जोडीला खांबावरचा लाकडी हात. तो झुकला की ‘सिग्नल पडला’ म्हणत लोक बोचकी उचलायचे. त्या खांबाचं मूळ नाव सेमाफोर. ग्रीक शब्दांवरून, ‘खूण वाहणारा’.

1960 च्या दशकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी हे नाव रुळांवरून उचललं. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातला तर तिची नासाडी होऊ शकते. म्हणून त्यांनी एक आकडा पहाऱ्याला बसवला: आत शिरताना तो एकने उतरवायचा, निघताना चढवायचा, शून्य असला तर थांबायचं.

पण ‘एका वेळी एकच’ हा नियम सरसकट लावणं मला अन्यायाचं वाटतं. वाचल्याने माहिती झिजत नाही, दहा जण एकदम वाचोत. लिहिणारा मात्र एकटाच हवा. कूर्त्वा, हेमान्स आणि पार्नास यांनी 1971 साली हा भेद मांडला, आणि त्यातली खरी अडचणही: वाचणाऱ्यांची रीघ लागली की लिहिणारा ताटकळतो.

चालत्या सर्व्हरची नोंद, म्हणजे ट्रेस, घडता घडता पाहायची असेल तर हे ताटकळणं परवडतच नाही. नोंदीपायी सर्व्हरच अडला तर मोजमाप खोटं. मॅथ्यू देनोये यांनी लिनक्ससाठी घडवलेल्या एलटीटीएनजी या ट्रेस-साधनात म्हणून नोंदींच्या जागेचे कप्पे पाडलेत. लिहिणारा कप्पा भरला की पुढच्यात जातो, वाचणारा भरलेलाच उचलतो. कप्पे संपले तर नेहमीच्या मांडणीत नवी नोंद सोडून दिली जाते, किती सुटल्या तेही मोजलं जातं. प्रोग्रॅम थांबत नाही.

नोंदच न येण्याची शांतता मात्र वाचणाऱ्याला अडवते, कारण त्याला नोंदींचे सगळे प्रवाह वेळेच्या क्रमाने जुळवायचे असतात. मग गप्प असलेल्या प्रवाहाकडून ठरावीक वेळाने निरोप येतो: इथवर काही घडलेलं नाही. मला त्यात पुढच्या स्टेशनचा ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा, ऐकू येतो.